रोज रात्री एक तास आणि वाचण्यासारखी कथा: दुर्लक्षित राहिलेला एखादा रोल-प्लेइंग गेम सुचवाल का?

मंदवाचक

नमस्कार. गेल्या काही वर्षांत कन्सोलवरचे बहुतेक नावाजलेले रोल-प्लेइंग गेम मी पूर्ण केले आहेत. ‘फायनल फँटसी’ मालिकेतील सहावा, सातवा, नववा आणि दहावा भाग, ‘क्रोनो ट्रिगर’, ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’ आणि ‘पर्सोना ५’ ही नावे शिफारशींच्या प्रत्येक यादीत असतात आणि ती तिथे असणे योग्यच आहे. आता मात्र अशा याद्यांतून ज्याचे नाव सहसा सुटून जाते, असा एखादा गेम मी शोधत आहे.

माझी पहिली अपेक्षा लेखनाची आहे. कथानक भव्य असावे असा आग्रह मुळीच नाही, कारण जग वाचवण्याची कथा मी पुष्कळदा खेळलो आहे. पात्रांच्या तोंडची भाषा जपून लिहिलेली असावी आणि एखादे वाक्य वाचल्यावर कंट्रोलर क्षणभर बाजूला ठेवावासा वाटावा, एवढे मिळाले तरी मला पुरे आहे. लढाई पाळीपाळीने होणारी असेल तर उत्तम. डावपेच आखायला मला आवडते, पण बटणांच्या वेगावर सगळे अवलंबून असलेले गेम मी शेवटपर्यंत नेत नाही. तिसरी गोष्ट वेळेची. मला रोज रात्री साधारण एक तास मिळतो आणि एकच गेम दोन-तीन महिने पुरवून खेळण्याची माझी सवय आहे.

माझ्याकडे डिस्क चालणारा एक्सबॉक्स सिरीज एक्स, जुना प्लेस्टेशन ३ आणि हातात धरून खेळायचा निन्टेन्डो डीएस आहे. कृपया शक्यतो एकच नाव सुचवावे, तो गेम मागे का पडला असावा हे सांगावे आणि त्यातला दोषही लपवू नये. नुसत्या कौतुकावर विसंबून आणलेले दोन गेम मी अर्ध्यातच सोडले आहेत.

चौथी_डिस्क

तुमच्या तिन्ही अपेक्षा वाचताना माझ्या मनात एकच नाव आले, ते म्हणजे ‘लॉस्ट ओडिसी’. हा गेम एक्सबॉक्स ३६० साठी जपानमध्ये डिसेंबर २००७ मध्ये आणि इतरत्र फेब्रुवारी २००८ मध्ये आला. तो चार डीव्हीडींचा आहे. ‘फायनल फँटसी’ मालिका ज्यांनी सुरू केली त्या हिरोनोबू साकागुची यांनी स्क्वेअर ही कंपनी सोडल्यावर मिस्टवॉकर हा स्टुडिओ काढला आणि त्या स्टुडिओच्या सुरुवातीच्या कामांपैकी हे एक होय. संगीत नोबुओ उएमात्सु यांचे आहे आणि पात्रांची रेखाटने ‘स्लॅम डंक’ या जपानी चित्रकथेचे चित्रकार ताकेहिको इनोउए यांची आहेत. एवढी माणसे एकत्र येऊनही हे नाव तुमच्या याद्यांत दिसत नाही, याची खंत मला हा गेम पहिल्यांदा संपवला तेव्हापासून आहे.

कथेचा नायक काइम हजार वर्षे जगलेला आहे आणि त्याला मरण नाही. गेम सुरू होतो तेव्हा त्याला मागचे काहीही आठवत नसते. प्रवासात कधी एखादे दृश्य समोर येते, कधी कुणाचे बोलणे कानावर पडते आणि त्याच्या गतजन्मासारख्या झालेल्या आयुष्यातली एखादी आठवण जागी होते. त्या आठवणी व्हिडिओच्या रूपात दाखवलेल्या नाहीत. त्या चक्क लघुकथा आहेत आणि आपण त्या पडद्यावर वाचतो. ‘हजार वर्षांची स्वप्ने’ या नावाने गुंफलेल्या या तीसहून अधिक कथा कियोशी शिगेमात्सु यांनी लिहिल्या आहेत. ते जपानमधील नाओकी पुरस्कार मिळालेले कथाकार आहेत आणि या कथा तिथे स्वतंत्र पुस्तकरूपानेही प्रसिद्ध झाल्या. त्यांचे इंग्रजी भाषांतर हारुकी मुराकामी यांचे अनुवादक जे रुबिन यांनी केले आहे. गेममधला मजकूर ज्या घाईने भाषांतरित होतो त्या घाईची खूण या कथांत कुठेही सापडत नाही.

एकाच कथेविषयी सांगतो, आणि तीही अगदी सुरुवातीला येणारी असल्यामुळे तुमचा रसभंग होणार नाही. एका खाणावळीच्या मालकाची हन्ना नावाची लहान मुलगी जन्मापासून आजारी आहे आणि अंथरुणाला खिळलेली आहे. काइम भाडोत्री सैनिक असल्यामुळे लढायांवरून परत येताना त्या खाणावळीत उतरतो आणि तिला बाहेरच्या जगाच्या गोष्टी सांगतो. तो जे पाहून आलेला असतो त्यात रक्त आणि राख यांचाच भरणा असतो, पण हन्नाला सांगताना तो ते सारे वगळतो आणि डोंगर, आकाश, वाटेत भेटलेली चांगली माणसे एवढेच तिच्यापुढे ठेवतो. कथा जेमतेम काही मिनिटांची आहे. अक्षरे एकेक ओळीने उमटतात, काही शब्द थोडे उशिरा येतात, काही हळूच विरतात; मागे मंद संगीत असते आणि पुढचा मजकूर कधी यावा हे बटण दाबून आपणच ठरवायचे असते. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा एका पानापाशी माझा अंगठा बटणावर होता आणि तो मला दाबवत नव्हता. ज्याला मरणच नाही अशा माणसाने मरणाच्या दारात असलेल्या मुलीशी काय बोलावे, हा प्रश्न इतक्या साध्या शब्दांत मांडलेला मी दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये पाहिलेला नाही.

लढाई पूर्णपणे पाळीपाळीची आहे आणि तिच्यात अमरत्वाचा विचार नियमांपर्यंत पोहोचलेला आहे. अमर पात्र लढाईत कोसळले तर काही फेऱ्यांनंतर ते आपणहून उठते. मर्त्य पात्राला मात्र औषधाने किंवा मंत्राने उठवावे लागते. उलट नवी कौशल्ये मर्त्य पात्रे लेव्हल वाढेल तशी स्वतः शिकतात आणि अमरांना ती त्यांच्याशी जोडून घेऊन, म्हणजे स्किल लिंक करून, किंवा अंगावरच्या दागिन्यांतून शिकावी लागतात. हजार वर्षे जगलेल्याने चार दिवसांच्या सोबत्यापाशी शिकायला बसावे, ही कल्पना कथेने जेवढी सांगितली नसेल तेवढी या नियमाने मनात ठसते.

मागे पडण्याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. एक्सबॉक्स ३६० ला जपानमध्ये फारसा आश्रय मिळाला नाही आणि इतरत्र तो विकत घेणारे बहुसंख्य लोक बंदुकांचे गेम खेळणारे होते. त्या काळी पाळीपाळीची लढाई जुनाट मानली जात होती. पुढे हा गेम दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या कन्सोलवर आला नाही, त्यामुळे नव्या पिढीला त्याची ओळख करून देणारा प्रसंगच घडला नाही. तुमच्या सिरीज एक्सवर मूळ डिस्क चालते.

दोषही सांगतो. सेव्ह करण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि काही वेळा दोन जागांमधले अंतर तुमच्या एका तासाला जड जाईल. पहिली डिस्क संथ आहे. मुख्य कथेतला खलनायक पहिल्या भेटीतच ओळखू येतो आणि मुख्य कथेचे संवाद त्या स्वप्नकथांच्या उंचीचे नाहीत, हेही मान्य करायला हवे.

धूळखात_काडतूस

‘लॉस्ट ओडिसी’ मीही शेवटपर्यंत खेळलो आहे आणि स्वप्नकथांविषयी वर जे लिहिले आहे त्यातले एक अक्षरही मी कमी करणार नाही. तरीही प्रश्नकर्त्याने ‘दोष लपवू नका’ असे म्हटले आहे म्हणून सांगतो की, त्या कथा आणि बाकीचा गेम यांच्यामध्ये मला एक शिवण कायम दिसत राहिली. उत्तम कथा वाचून झाली की आपण पुन्हा त्याच बोगद्यात त्याच शत्रूंशी लढू लागतो. पुढे एका अंत्यविधीच्या प्रसंगी फुले आणि मशालींसाठी फांद्या गोळा करून आणण्याचे काम खेळाडूलाच दिलेले आहे. तिथे दुःखाची लय तुटते, असे माझे मत झाले.

लेखन आणि खेळणे यांच्यात अशी फट नसलेला गेम हवा असेल, तर मी ‘व्हेग्रंट स्टोरी’ सुचवेन. स्क्वेअरने तो २००० साली पहिल्या प्लेस्टेशनसाठी आणला आणि त्याचे दिग्दर्शन यासुमी मात्सुनो यांचे आहे. तुमच्या प्लेस्टेशन ३ वर पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क चालतात. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या लेआ माँद या एकाच शहरात आणि त्याच्या तळघरांत सगळी कथा घडते. अ‍ॅशली रायट हा राज्याचा हेर तिथे एकटा उतरतो. त्याच्यासोबत पार्टी, म्हणजे लढणाऱ्या सोबत्यांची टोळी, नाही, वाटेत दुकान नाही, मुक्कामाची खाणावळ नाही. जी शस्त्रे सापडतील ती कार्यशाळेत जोडून, मोडून नवी करायची. अलेक्झांडर स्मिथ यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरातली भाषा जुन्या नाटकातल्यासारखी आहे आणि संवाद चित्रकथेप्रमाणे फुग्यांतून येतात.

लढताना बटण दाबले की सगळे थबकते आणि अ‍ॅशलीभोवती एक गोल जाळी उमटते. त्या जाळीच्या आत शत्रूचे जे अवयव येतील, त्या प्रत्येकावर वार लागण्याची शक्यता आणि होणारे नुकसान आकड्यांत दिसते. पायावर वार करून त्याला मंद करायचे की डोक्यावर, हे शांतपणे ठरवता येते. वारामागून वार साखळीने जोडत गेले की ‘रिस्क’ नावाचा आकडा चढतो. मग आपले वार चुकू लागतात आणि आपल्याला लागलेले अधिक झोंबतात. हावरेपणाची किंमत मोजायला लावणारी इतकी नेटकी व्यवस्था मी क्वचितच पाहिली आहे.

याचे दोषही मोठे आहेत. साखळी जोडण्यासाठी नेमक्या क्षणी बटण दाबावे लागते, त्यामुळे तुमची दुसरी अट इथे थोडी वाकते. प्रत्येक शस्त्र ज्या जातीच्या शत्रूंवर वापरावे त्या जातीविरुद्ध तेज होत जाते आणि इतरांविरुद्ध बोथट, म्हणून चार-पाच शस्त्रे वेगवेगळ्या कामांसाठी राखून ठेवावी लागतात आणि मेनूत फार वेळ जातो. सामानाची पेटी उघडायची तर दर वेळी मेमरी कार्डावरची नोंद होईपर्यंत थांबावे लागते. गेम यातले जवळजवळ काहीच नीट समजावून सांगत नाही. माझ्या मते तो मागे राहिला याचे मुख्य कारण हेच आहे, कारण समीक्षकांनी तर त्याला डोक्यावर घेतले होते आणि जपानच्या ‘फामित्सु’ या गेमविषयक नियतकालिकाने पैकीच्या पैकी, ४० पैकी ४० गुण दिले होते. पहिल्या पाच तासांत न कळल्यामुळे तो सोडून देणारे मी स्वतः पाहिले आहेत.

पांढरी_वही

रोज एक तास ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून मी ‘रेडियंट हिस्टोरिया’ हे नाव घेतो. अ‍ॅटलस या कंपनीने तो निन्टेन्डो डीएससाठी २०१० मध्ये जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत आणला. तोवर निन्टेन्डोचाच पुढचा कन्सोल थ्रीडीएस दाराशी उभा होता आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे लागले होते.

स्टॉक नावाच्या हेराच्या हाती एक पांढरी वही येते आणि तिच्या आधारे त्याला भूतकाळातल्या ठरावीक क्षणांकडे परतता येते. एका निर्णयापाशी इतिहासाचे दोन प्रवाह होतात आणि एका प्रवाहात अडलेली वाट दुसऱ्या प्रवाहात काहीतरी शिकून किंवा मिळवून मोकळी करावी लागते. चुकीचा निर्णय घेतल्यास काय अनर्थ ओढवला हे थोडक्यात वाचायला मिळते आणि आपण परत त्याच क्षणापाशी येतो. लढाईत शत्रू तीन बाय तीनच्या चौकटीत उभे असतात. त्यांना ढकलून एकाच घरात गोळा करायचे आणि मग सगळ्यांवर एकदम वार करायचा, यात बुद्धिबळासारखा आनंद आहे. तास संपला की डीएसचे झाकण मिटायचे आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जायचे. उणीव अशी की, तीच ठिकाणे आणि तेच प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावे लागतात. वाचलेले संवाद पुढे ढकलता येतात, तरीही मध्यावर थकवा जाणवतो.

चौथी_डिस्क

‘व्हेग्रंट स्टोरी’विषयी जे लिहिले आहे ते मला मान्य आहे आणि तो गेम प्रत्येकाने कधीतरी खेळावा. अंत्यविधीच्या प्रसंगाबाबत मात्र माझे मत अगदी उलट आहे. जवळचे माणूस गेल्यावर घरच्यांच्या हाताला कामे असतातच. लाकडे आणावी लागतात, फुले आणावी लागतात आणि ती आणताना माणूस नीट रडूही शकत नाही. तो प्रसंग नुसता पाहायला दिला असता तर मी तो पाहून विसरलो असतो. फांदी उचलण्यासाठी बटण दाबावे लागल्यामुळेच तो मला आठवतो.

मंदवाचक, तुम्ही हा गेम घेतलाच तर दोन गोष्टी आधीच लक्षात ठेवाव्यात. पहिली गोष्ट रचनेची: पुढच्या रांगेतील पात्रांची एकूण ताकद मागच्या रांगेसाठी भिंतीसारखी काम करते आणि लढाई चालू असताना ती भिंत ढासळत गेली की मागच्यांना लागणारा मार वाढतो. म्हणून अंगाने नाजूक असलेला मांत्रिक मागेच ठेवावा आणि लढाई लांबवू नये. दुसरी गोष्ट पात्राला घातलेल्या अंगठीची: प्रत्यक्ष वार करताना ट्रिगर दाबून धरायचा असतो आणि पडद्यावर बाहेरून आकसत येणारे कडे आतल्या कड्यावर बसले की सोडायचा असतो. नेम साधला नाही तरी वार लागतो, फक्त अंगठीचा गुण त्याला मिळत नाही; त्यामुळे तुमच्या दुसऱ्या अटीला यामुळे फारसा धक्का बसत नाही.

एकाच जागी शत्रू मारत बसून लेव्हल वाढवण्याचा प्रयत्नही करू नये. प्रत्येक भागात एका मर्यादेनंतर मिळणारा अनुभव अगदी नगण्य होतो आणि मग बॉसशी, म्हणजे वाट अडवणाऱ्या बलाढ्य शत्रूशी, डोके लढवूनच जिंकावे लागते.

मंदवाचक

सर्वांचा मनापासून आभारी आहे. शेवटी ‘लॉस्ट ओडिसी’ घेतला आणि तीन आठवड्यांनी पहिली डिस्क संपवून लिहीत आहे. ‘रेडियंट हिस्टोरिया’ही शोधून ठेवला आहे, पुढचा तोच.

संथपणाविषयीचा इशारा खरा ठरला. पहिल्या चार-पाच रात्री मी कुठे चाललो आहे हेच मला कळत नव्हते आणि एकदा सेव्हची जागा न सापडल्यामुळे ठरलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास अधिक बसावे लागले. ग्रिलगन नावाच्या बॉसने मला दोनदा हरवले. तिसऱ्या वेळी काइम आणि त्याच्यासारखीच अमर असलेली सेथ यांना पुढे ठेवले, मांत्रिक जॅन्सनला मागे घेतले आणि भिंत शाबूत आहे तोवर त्याच्याकडून मंत्र चालवून घेतले, तेव्हा कुठे तो पडला. जॅन्सन या पात्राची बडबड पहिल्यांदा मला खटकली होती, पण आता काइमच्या मौनाशेजारी ती हवीशी वाटते.

हन्नाची कथा मी एका रात्री वाचली आणि त्या रात्री पुढे खेळलो नाही. दुसऱ्या दिवशी ती मेनूतून पुन्हा उघडली. काइमने तिला सांगताना काय काय गाळले असेल, याकडे पहिल्या वाचनात माझे लक्षच गेले नव्हते. दुसऱ्यांदा वाचताना मी तेवढेच शोधत होतो. प्रवाशांसाठी जोडे शिवणाऱ्या म्हाताऱ्याची कथाही आवडली, मात्र ती अशी दुसऱ्यांदा उघडावीशी वाटली नाही.

अंत्यविधीचा प्रसंग माझा कालच झाला. धूळखात_काडतूस यांचा आक्षेप मनात ठेवूनच मी खेळायला बसलो होतो आणि पहिली फांदी शोधताना मला तो पटलाही. पण शेवटची फांदी एका कोपऱ्यात दिसली तेव्हा ती उचलली की पुढचे घडणार हे कळल्यामुळे मी तिथे बराच वेळ नुसता उभा राहिलो. या बाबतीत मी चौथी_डिस्क यांच्या बाजूचा आहे.

आता एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. अमर पात्रांची कौशल्ये बसवण्याच्या जागा वाढवणाऱ्या स्लॉट सीड माझ्याकडे काही जमा झाल्या आहेत. त्या सगळ्या काइमला द्याव्यात की सेथला वाटून द्याव्यात?

चौथी_डिस्क

वाटून द्या, आणि निम्म्या हाताशी राखून ठेवा. काइमला सध्या दोन-तीन अधिक पुरेत, कारण जॅन्सनशी जोडून शिकण्यासारखे जे आहे ते बहुतांशी मंत्रांचे आहे आणि काइमचे काम तलवारीचे आहे. पार्टीत पुढे कोण कोण येते ते दुसऱ्या डिस्कवर कळेल. ते कळेपर्यंत उरलेल्या खर्च करू नका.